दारोदारचं बोलणं

१२ जून, दुपार

लाडक्या ठमीस,

तुला आणि जावईबापूंना आशीर्वाद. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण बाबांइतका नाही.

तू रागावून फोन ठेवलास त्याला पंधरवडा झाला. मी परत केला नाही, कारण फोनवर माझा आवाज आपोआप आरोग्यसेविकेचा होतो. त्या दिवशीही तसंच झालं. आधी तब्येत विचारली, मग नोकरी, मग शेजारणीच्या नातवाचं कौतुक, आणि मग हळूच मुद्द्याला हात घातला. उमेदीची सगळी वर्षं दारोदार हेच केलं. लहानपणी तू दप्तरासकट माझ्यामागे फिरायचीस, तुला ही युक्ती कळणार नाही होय? "आई, मी तुझी केस नाही," म्हणालीस. बरोबर बोललीस.

तुला सांगितलं नव्हतं, आम्हा निवृत्त बायकांना आरोग्य केंद्रात परत बोलावलंय. जन्म फार घटलेत. बाळंतपणाच्या खोलीत आता खोकी ठेवतात, शाळेत पहिलीच्या दोन वर्गांचा एक झाला. तेव्हा "एकावर थांबा" म्हणत ज्या घरांचे उंबरे झिजवले, तिथेच जाऊन आता "दोन तरी होऊ द्या" म्हणायचं. सवयीचं काम, म्हणून गेले. पहिल्याच घरी शिंपीणबाई भेटल्या. एकेकाळी माझ्याच सांगण्यावरून त्यांनी ऑपरेशन करून घेतलं होतं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "बाई, तेव्हा म्हणालात बंद करा, केलं. आता सुनेला म्हणताय सोडा. आम्ही काय नळ आहोत का हो?"

मला हसू आवरेना. त्याही हसल्या. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला तरी दुसरं नको होतं का?"

ठमे, हवं होतं गं. फार हवं होतं. पण जी सांगते तिनेच आधी करून दाखवायचं, असा आमच्याकडे दंडक होता. लोकही आधी माझ्याच घरात डोकावून बघायचे. तू दोन वर्षांची असताना मी ऑपरेशन करून घेतलं. बाबा म्हणत होते, नोकरी सोड. पण मला नोकरीही प्यारी होती. त्या कामाचं मला वाईट वाटत नाही. पाठोपाठच्या बाळंतपणांनी पिचलेल्या बायका मी पाहिल्यात, त्या सुटल्या. पण माझ्या घरातला निर्णय माझा होता की केंद्राचा, हे मला आजतागायत सांगता येत नाही.

तू विचारलं होतंस, आम्हाला मूल नको असेल तर तुला वाईट वाटेल का? आणि मी बोलणं पुन्हा शेजारणीच्या नातवावर नेलं. वाटेल. रडूही येईल. पण ते रडणं माझं, माझं मी निस्तरीन. तुझ्या दारात हे सांगायला कुणी येऊ नये, केंद्राने नाही, सासूने नाही आणि आईनेही नाही. हवं तर होऊ दे, नको तर नको. काय ते तुम्ही दोघं ठरवा. उद्यापासून येणार नाही, असं मी केंद्रात कळवून टाकलंय.

सवड झाली की फोन कर. मी नुसतं ऐकेन. जमेल तेवढं.

तुझी, तुझी एकटीचीच
आई