दोनवर अडकलेला आकडा

सर,

मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण तुम्ही होतात तेव्हा तुमच्यापुढे तोंड उघडायची सोय कुठे होती? साखरशेतला आमच्या घरी तुम्ही आलात तो दिवस मला अजून दिसतो. आमच्या शाळेचा हातपंप दुरुस्त करायला आला होतात, पाइप धरायला मी पुढे झाले होते. काम आटोपून तुम्ही चुलीपाशी बसून नागलीची भाकर खाताय आणि बाबांना सांगताय, "पोरीचा हात जरा पन हालत नाय. जव्हारला माझ्याकडं धाडा. वेल्डर करतो तिला." बाबा आधी हसले. पण जवळच्या पोशेऱ्याचा आपला माणूस सांगतोय म्हणून त्यांनी मला तुमच्या आयटीआयला घातलं. वर्गात मी एकटीच मुलगी होते. तुमच्या भरवशावर आले होते, हे लक्षात ठेवा.

स्टेनलेस स्टीलचा पाइप बाहेरून कितीही सुरेख जोडला तरी आत हवा राहिली की जोड आतून जळतो, काळा आणि खरखरीत होतो. म्हणून पाइपची तोंडं टेपने बंद करायची, एकीकडून आर्गॉन वायू सोडायचा, दुसरीकडच्या बारीक भोकातून हवा बाहेर जाऊ द्यायची. हवा पुरती गेली हे कळण्यासाठी तुम्ही खिशातून काडेपेटी काढायचात. भोकापाशी पेटती काडी धरायची, ती विझली की खुशाल जोड मारायचा. मी एकदा विचारलं, "सर, थोडी हवा उरली तरी काडी विझत असेल ना?" तुम्ही म्हणालात, "आता तू माना, तुझ्या सरला, शिकवशील?" पोरं फिदीफिदी हसली. मग परीक्षेच्या आधी तुम्ही माझा जोड करवतीने उभा कापलात आणि अर्धा पाइप वर धरून सगळ्या वर्गाला दाखवलात. "बघा रे. वरून चकचकीत, आतून कोळसा. जाय घरी, चुलीत फुंकणी मार." माझी काडी विझली होती, सर. विझल्यावरही मी थांबले होते. हे सांगायला तोंड उघडलं तर रडू फुटलं, आणि त्याचंही हसूच झालं.

पुढे पालघरजवळच्या कारखान्यात लागले. तिथे डेअरीचे पाइप बनतात. आतून खरखरीत जोड असेल तर दूध तिथे धरून राहतं आणि नासतं, म्हणून तिथे काडीवर कुणाचा विश्वास नव्हता. ऑक्सिजन मोजायचा मीटर होता. त्याची बारीक नळी भोकात घालायची, तो आतली हवा ओढून आकडा दाखवतो. मोकळ्या हवेत एकवीस टक्क्यांच्या आसपास. मी मुद्दाम एकदा तुमची काडी लावून पाहिली. काडी विझली तेव्हा मीटर सोळा दाखवत होता! आणि आम्हाला तो लागतो एक टक्क्याच्याही कितीतरी खाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. माझा हात चांगला होता, तुमची काडी खोटी होती, आणि फुंकणी मारायला घरी जायचं होतं मी.

मग आयटीआयमधलं कंत्राट संपल्यावर तुम्हीच आमच्या गेटवर उभे राहिलात, वेल्डरच्या जागेसाठी चाचणी द्यायला. केस पांढरे, चष्म्याला दोरी. तोवर मीटर माझ्या हातात आला होता, माझ्या मान्यतेशिवाय कुणी जोड मारू शकत नसे. तुम्ही पाइप बंद केलात, गॅस सोडलात आणि खिशात हात घातलात. "सर, इथं काडी चालत नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. खोटं कशाला बोलू, फार गोड वाटलं. तुम्ही काडेपेटी ठेवून दिलीत. मी नळी लावली. आकडा भराभर उतरला आणि दोनवर अडकला. "जरा थांबू, पोरी. अजून गॅस जाव दे," तुम्ही म्हणालात. टेप पुन्हा दाबलीत, पुन्हा थांबलात. आकडा दोनच. मी कागदावर 'अपात्र' लिहिलं. तुम्ही एकही जोड न मारता हातमोजे काढलेत, "येतो मंग" म्हणालात आणि गेलात.

तुमच्यानंतरच्या माणसाचाही आकडा दोनवरच अडकला. तेव्हा मी नळीवरून बोट फिरवलं. मीटरच्या तोंडाशी नळीला चीर गेली होती, मीटर तिथून बाहेरची हवा ओढत होता. रोज सकाळी नळी तपासायची, हा माझाच नियम. त्या दिवशी गेटवर तुम्हाला पाहिलं आणि मला दुसरं काही सुचलंच नाही. नळी बदलायला पाच मिनिटं लागली. तुम्ही तेव्हा स्टँडवर जव्हारच्या गाडीची वाट बघत असणार. तुमचा नंबर समोरच्या अर्जावर होता. मी फोन केला नाही. बसू दे घरी, म्हटलं, चूक नसताना नापास होणं काय असतं ते त्यांनाही कळू दे. वर्षाच्या आत तुम्ही गेल्याचं कानावर आलं.

गेल्या महिन्यात जव्हारच्या बाजारात तुमची मुलगी भेटली. तिनेच मला ओळखलं. म्हणाली, "बाबा लई सांगायचे तुमचा. माझ्याच पोरीनी माना नापास केला, पन बराबर केला, माझीच काडी जुनी झाली होती, असा म्हणायचे." सांगताना तिचे डोळे भरले होते. हे पत्र पोशेऱ्याला टाकलं तर तीच फोडणार, म्हणून टाकत नाही. तिने मला विचारलं, "बाबांचाच चुकला होता ना, ताई?"

मी म्हटलं, "हो."