गाडीच्या तळातलं भोक

ताई,

मावशीकडून आलीस की आधी हे वाच, मग गाडीत चढ. आत दोन बोटं पाणी आहे.

"बाबा, गाडी आता माझी आहे, हात लावू नका," असं बजावून गेलीस. म्हणून मी हात लावले नाहीत, दिले. मागच्या सामानाच्या भागातलं फुगलेलं प्लायवुड काढून तळाला वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले. कोपऱ्यात एक भोक दिसलं, तेही बुजवलं. वाळल्यावर खात्रीसाठी सहा बादल्या पाणी ओतलं. थेंबभर गळलं नाही! चाळीस वर्षांच्या प्लंबिंगमध्ये इतकं चोख काम माझ्या हातून झालं नव्हतं.

मग पाणी बाहेर काढायला गेलो, तेव्हा ते भोक कशासाठी होतं ते कळलं.

तूच पाडलं होतंस ना? कडा कशा छान घासल्या होत्यास! पण हे मी तुला शिकवलेलं नाही. मग कुठे शिकलीस? टोमणा नाही, खरंच विचारतोय.

मी खाली मगाने पाणी उपसतोय. ड्रिल तुझ्या पेटीत आहे आणि पेटीला मी हात लावलेला नाही. खाली येताना घेऊन ये. नवं भोक तूच पाड. मला फक्त बघायचंय, हात खिशात घालून.

बाबा