गोण्यांचा पडदा

१४ एप्रिल, सोमवार
पोचलो एकदाचे हॉलंडला. विक्रीचं टार्गेट पुरं केलं की बियाण्याची कंपनी आम्हा दुकानदारांना परदेश दाखवते, म्हणून वरवंडच्या कृषी सेवा केंद्राचा मालक इथे! सिंधू आली नाही. पोरीचं, तेजश्रीचं लग्न महिन्यावर आलंय, तिच्या आईला कुरडया-पापडांतून सवड नाही. खोलीत माझ्याबरोबर कासुर्डीचा मच्छिंद्र, त्याचंही खताचंच दुकान. फार घोरतो.

१५ एप्रिल
ट्युलिप पाहिले. मैलभर फुलं. मच्छिंद्रनं गाईडला विचारलं, फवारणी कशाची करतात? गाईडला सांगता आलं नाही. गार वाऱ्यानं कान बधिर झाले.

१६ एप्रिल, बुधवार
आज काय झालं ते नीट लिहिलं पाहिजे.

पाऊस लागला, म्हणून गाईडनं सगळ्यांना एका म्युझियममध्ये घातलं. आमच्यातले निम्मे फक्त संडासासाठी आत आले. मला वाटलं तलवारी, राजेलोकांची भांडी असतील. तसलं काही नाही. एका खोलीत नुसता गुलाबी उजेड. दुसरीत वितळल्यासारखी खुर्ची, तिच्यावर बसायचं नाही. तिसरीत अर्धीच बांधलेली भिंत. मच्छिंद्र म्हणाला, "मिस्त्री अर्ध्यातनं पळाला का काय?" मीही हसलो. खोटं कशाला लिहू, सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो.

मग मोठा हॉल आला. छतापासून जमिनीपर्यंत एक पडदा. चाळीस फूट तरी असेल. जवळ गेलो तर गोण्या! खताच्या, धान्याच्या, पिवळ्या, निळ्या, पांढऱ्या — उसवून, कापून, परत सुतळीनं शिवलेल्या. छापलेली अक्षरं उलटीसुलटी. दारातून येणाऱ्या वाऱ्यानं हलला की एका टोकाचा निळा रंग पार दुसऱ्या टोकापर्यंत जायचा. पुढे बाकावर माणसं बसलेली. कोणी बोलत नव्हतं. पाटीवर नाव एका आफ्रिकेतल्या बाईचं.

मी बाकावर बसलो आणि मला रडू आलं. मच्छिंद्र म्हणाला, "साखर वाढली का वो? गोळी घेतली न्हाई?" घेतली नाही म्हणालो.

हे मी माझ्या दुकानात पाहिलेलं आहे. तेजश्री तेव्हा बारावीला. रिकाम्या गोण्या नेऊन महिनाभर आईच्या शिलाई मशीनवर बसायची. पाडव्याला सकाळी वहीपूजनाआधी तिनं तो पडदा दुकानाच्या शटरवरून सोडला. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. एवढ्यात कंपनीचा अधिकारी आला, म्हणाला, "साहेबराव, दुकान झोपडपट्टीत हलवलं काय?" मी ओढून खाली पाडला. सगळ्यांसमोर. पोरीला म्हणालो, आपण काय भंगारवाले आहोत? आणि तो नेऊन कांदाचाळीत कांद्यावर टाकला. पुण्याच्या कला महाविद्यालयाचा फॉर्म तिनं आणला होता, तोही भरू दिला नाही. केमिस्ट्री घे म्हणालो. घेतली तिनं. आता कुरकुंभला केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे, तीन पाळ्यांत.

१७ एप्रिल
तेजश्रीला चारदा फोन लावला. सेकंड शिफ्ट, मोबाइल गेटवर जमा. शेवटी सिंधूला लावला, विचारलं, तो गोण्यांचा पडदा कुठं आहे?

"कुठला? तो व्हय. तिनंच बंबात घातला की, सहा वर्सं झाली. दिसभर वास सुटला हुता. तवा तुम्हीच न्हाई का वरडला, बंबात काय घातलंय म्हणून?"

ओरडलो होतो खरा. काय घातलंय ते पाहिलं नव्हतं. दुपारी चीजचा कारखाना दाखवला, माझ्या काही लक्षात राहिला नाही.

१८ एप्रिल
तिला हॉलमधल्या पडद्याचा फोटो पाठवला. तिचं उत्तर — "छान आहे आप्पा. थंडीचं जपा."

२१ एप्रिल, सोमवार
काल घरी आलो. आज तेजश्रीला तिच्या कंपनीच्या बसपर्यंत सोडायला मीच गेलो. बस हायवेला येते. गाडी बाजूला घेऊन म्हणालो, मी चुकलो. तुला अजून ते शिकायचं असलं तर शीक.

 हायवेवरच्या ट्रककडे बघत ती म्हणाली, "तिकडं दुसरीचं बघितलं, तवा तुम्हाला माझं दिसलं."

  खरंच होतं.

मग तिनं सगळं सांगितलं. त्याच कला महाविद्यालयात दोन वर्षांचा कोर्स आहे, फॉर्म भरायची मुदत अजून आहे, तीन वर्षं झाली ती दर एप्रिलला मोबाइलवर फॉर्म उघडून बघते आणि बंद करते. लग्न मोडायचं नाही तिला. मुलगा बरा आहे म्हणते. फक्त दोन वर्षं थांबवायचं.

"रविवारी लग्नाच्या याद्या हायेत. तिथंच सांगू. मी सुरुवात करते आप्पा, तुम्ही फक्त व्हय म्हणा."

म्हणेन म्हणालो. बसमध्ये चढताना हसली. बारावीनंतर अशी हसलेली मला आठवत नाही.

२३ एप्रिल
सिंधूला सांगायचं धाडस झालं नाही. ती रुखवत मांडून बघत होती.

२५ एप्रिल, शुक्रवार
शिरूरहून हौसरावांचा फोन. मुलाचे वडील. सरळ माणूस, एक शब्द वावगा नाही. कार्यालय ठरलंय, पत्रिका छापायला टाकतो म्हणाले. मी म्हणालो, टाका. का म्हणालो?

दुकानात कोणी नसताना मोठ्यानं बोलून बघतो, "व्हय, मीच म्हनलोय तिला." एवढंच तर आहे. गिऱ्हाईक आलं की बंद करतो.

२६ एप्रिल
उद्या याद्या. दोन्हीकडची जाणती माणसं बसतात, लग्नात कोणी काय करायचं ते कागदावर घेतात, मोठ्यानं वाचतात आणि दोघे बाप सही करतात. सही झाली की शब्द बदलत नाही. आमच्याकडे आजवर कोणी बदललेला नाही.

तेजश्रीनं जेवताना दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. बोलेन. देवाशप्पथ बोलेन.

२७ एप्रिल, रविवार
याद्या झाल्या. तेजश्रीनं चहाचा ट्रे ठेवला आणि तिथंच उभी राहून म्हणाली, "मला आधी दोन वर्षं शिकायचंय. लग्न त्यानंतर. आप्पांना इचारलंय मी."

वीसेक माणसं होती. हौसराव रागावले नाहीत. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "साहेबराव, तुम्ही व्हय म्हनलाय?"

मी म्हणालो, "न्हाई. चेष्टा करती ती."

सगळे हसले. तीही हसली आणि रिकामे कप गोळा करायला लागली. कागद वाचून झाला. पहिली सही मी केली.