चौथीच्या वर्गातला धवला

प्रिय हिरे,

आज तीन वाजता शाळेत पालकांची बैठक आहे आणि मला बोलायचंय. कुठल्याही बैठकीला जाण्याआधी मी तुझ्यापुढे बोलून बघायचो, आठवतं? तू तांदूळ निवडत ऐकायचीस आणि शेवटी म्हणायचीस, "लई लांबलं. अर्धं काप." आता कापणार कोण? म्हणून लिहितोय.

प्रश्न आपल्या नातीचा आहे. तू गेलीस तेव्हा तन्वी बालवाडीत होती, आता चौथीत गेली बघ! बोलायला आणि हात चालवायला तिला अजून तसाच वेळ लागतो. हट्ट मात्र तुझा.

यंदा तिच्या वर्गात दोन बाई आहेत. ठाकूरबाई वर्गाच्या, आणि मुकादमबाई तन्वीसारख्या मुलांसाठी नेमलेल्या. दोघी एकाच वर्गात, एकाच वेळी शिकवतात. तिच्या वर्गातल्या साहिलचा बाप सुरेश आणि आणखी काही पालक म्हणतात, हा गोंधळ नको. मुकादमबाईंनी तन्वीला घेऊन शेजारच्या खोलीत बसावं. आज तेच ठरायचंय.

खरं सांगू? मला वाटलं, सुरेश चुकीचं काय बोलतो? ट्रेलरला स्टिअरिंग एकच असतं! मिठागरावर पाट्या वाहणारा मी गाड्यांचा मालक झालो तो अशाच साध्या अकलेवर. पण कुतूहल गप्प बसू देईना. त्या दोघींत खरी बाई कोण आणि मदतनीस कोण, एवढं तरी कळू दे! काल शाळेचा पाण्याचा पंप बघतो म्हणालो आणि चौथीच्या खिडकीखाली जाऊन बसलो. पंप ठणठणीत होता, हे तुला सांगायला नको.

आत ठाकूरबाई म्हणाल्या, "भाकरीचे चार सारखे तुकडे केले. एक मी खाल्ला. उरले किती?"

"तीऽऽन!" सगळा वर्ग ओरडला.

"थांबा थांबा," मुकादमबाईंचा आवाज. "मना नाय पटत. सारखे कशावरून? कागदाची भाकरी करून दाखवा!"

मग कागदांचा खळखळाट. मुकादमबाई तन्वीजवळ येऊन हळू म्हणाल्या, "घाल घडी. घाई नाय." तिकडे ठाकूरबाईंनी बाकीच्यांना आठ तुकड्यांचं कोडं घातलं. थोड्या वेळाने ऐकतो तर फळ्याजवळ मुकादमबाई, आणि तन्वीजवळ ठाकूरबाई! बदलल्या कधी? माझ्या कानांना चपलेचा आवाजही लागला नाही गं!

तेव्हा मला तू आणि तुझी जोडीदारीण यमुना आठवलात. हळदीच्या मांडवात धवला गायला बसलात की एकीने ओळ घ्यायची, दुसरीने उचलायची. एकीचा दम सरला की दुसरी पुढे न्यायची, पण गाणं तुटायचं नाही. मी एकदा विचारलं होतं, "दोघींत मुख्य कोण?" तू केवढी हसलीस! म्हणालीस, "वऱ्हाडाला ते कळलं, त्या दिवशी आमचा धवला फसला समज."

आणि मग तन्वी बोलली. "ती..." म्हणाली आणि अडली. वर्ग थांबला. कुणी शब्द पुरवला नाही, कुणी हसलं नाही. फळ्यावरचा खडूसुद्धा थांबला. "...न." उत्तर तेच, जे बाकीच्यांनी आधीच ओरडून टाकलं होतं. पण हे तिचं होतं.

घरी आम्ही तिला एवढं कधी थांबू देतो? ती "पा" म्हणाली की मी "पाणी!" म्हणून तांब्या पुढे करतो. कुणास ठाऊक, तिला पापड हवा असेल! तू मात्र नुसती बघत राहायचीस तिच्याकडे. का गं, मला एकदा तरी दटावलं नाहीस?

अजून एक ऐकलं. मुकादमबाईंनी विचारलं, "परत कुणाला सांगू?" खिडकीशी अगदी बारीक आवाज आला, "बाई, मला." तो आवाज सुरेशच्या साहिलचा होता. बाई त्याच्याशेजारी टेकल्या आणि पुन्हा घडी घातली. त्यांना शेजारच्या खोलीत पाठवलं, तर साहिल विचारणार कुणाला? सुरेशला हे माहीत असेल का?

आधी ठरवलं होतं, भर बैठकीत हेच तोंडावर मारायचं. पण तुझा आवाज आला, "काप." कापलं. साहिलचं नाव मी घेणार नाही. आता दोन वाजता सुरेशला हाक मारतो, "चल रे दादूस, पंप बघून येऊ." त्याचेही कान आहेतच की! पुढची ओळ त्याने उचलली तर उचलली.

तन्वीलाही बैठकीला नेतोय. कुठे बसायचं ते तिलाच सांगू द्या, असं मी म्हणणार आणि खाली बसणार. हिरे, तुला शब्द देतो, तिला कितीही वेळ लागू दे, लोक घड्याळं बघू देत, खुर्च्या वाजू देत, तिचं वाक्य मी पूर्ण करणार नाही.

तुझा,
लांबण लावणारा
दामोदर