कोरड्या विहिरीतलं पोहणं

नांदेड,
नोव्हेंबर १९८२

प्रिय अक्का,

तुझं कार्ड मी निघायच्या आदल्या दिवशी मिळालं. महानंदाच्या अंगातच पोहणं नाही, माझ्या लेकीला विहिरीत उतरवायचा नाद सोड, असं तू लिहिलंस. दिवाळीत शिरूरला तुझ्याकडे आलो तेव्हा मी भाचीला पायरीवरून सोडायला गेलो की ती माझ्या गळ्याला मिठी मारून किंचाळायची, हे खरंच आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याआधी विहिरीवर जाऊन बसायचीही तीच. तुझं म्हणणं मी ऐकणारच होतो. आज गोदावरीत पोहून आलो आणि मन बदललं, म्हणून घाटावरच बसून लिहितोय. हात अजून ओलेच आहेत, अक्षर लावून घे.

आधी बातमी. मी दुसरा आलो! जिल्हा वेगळा झाल्यावरची आपली ही पहिलीच स्पर्धा. माइकवरून ‘लातूर’ असा पुकारा झाला तरी आम्ही पोरं ढिम्म बसून. कान अजून उस्मानाबादचीच वाट बघत होते. शेवटी सरांनी पाठीत धपाटे घालून उठवलं. पहिला आला तो इथलाच, घाटावर वाढलेला व्यंकटी नावाचा मुलगा. अक्का, काय पोहतो गं तो! जोर म्हणून लावत नाही. मी जीव खाऊन हातपाय मारत होतो आणि तो नुसता पुढं सरकत होता. हरल्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण मी आ वासून बघतच राहिलो. असं पोहणारं माणूस त्याआधी मी एकच पाहिलंय, आपल्या औशाच्या मळ्यात.

तुला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. आप्पा सांगायचे, तू नुकती चालायला लागलेली विहिरीत पडलीस, आणि ते धोतर सावरून उडी टाकेपर्यंत तूच काठाला येऊन लागली होतीस. पुढं परकर खोचून, मोटेच्या बैलांच्या धावेवरून पळत येऊन तू सूर मारायचीस. किती तरी वेळ वर यायची नाहीस. मग हिरव्या पाण्यातून तुझा चेहरा वर येताना दिसायचा, डोळे उघडे, जरासं हसू. काठावर मी हात जोडायचेच काय ते बाकी असायचे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरीचा तळ उघडा पडला, तू आईबरोबर खडी फोडायला जायला लागलीस, आणि मी नेमका तेव्हाच हट्ट धरला, मला अक्कासारखं पोहायचंय. दुसरी कुणी असती तर एक ठेवून दिली असती. तू बाज विहिरीत उतरवलीस, मला तिच्यावर पालथं घातलंस, आणि कामावरून आल्यावर फोड आलेल्या हातांनी माझे पाय धरून हलवायला लागलीस. वर गाव जमायचं. आप्पा कपाळाला हात लावायचे, “कोरड्यात पवून राहिलंय येडं!” तू एवढंच म्हणायचीस, “मंग काय, पाणी आल्यावर शिकत बसायचं का?”

पुढच्या पावसाळ्यात विहीर भरली. मी ऐटीत उडी मारली आणि धोंड्यासारखा बुडालो. तू केस धरून वर काढलंस, पोट धरून हसलीस नि परत ढकललंस. या खेपेला पाय आपोआप हलले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुझं लग्न झालं.

तेव्हापासून मी मनाशी धरून होतो, अंगात असलेली ती अक्का आणि घासून घासून शिकलेला तो मी. आज व्यंकटीला पाहिलं तेव्हाही तेच आठवलं. पण मग स्वतःलाच विचारलं, एवढं घासायचं बळ मला आलं कुठून? पाण्याचा थेंब नसताना महिनोन्महिने पाय मारत राहिलो, ते डोळे मिटले की तू दिसायचीस म्हणून. महानंदाला काय दिसतं? तिनं तुला पाण्यात कधी पाहिलेलंच नाही. ती विहिरीत रडत होती तेव्हा तू खालच्या पायरीवर लुगडी धूत होतीस आणि मान वर केली नाहीस. तुझे पाय मात्र पाण्यात होते, आणि ते हलत होते, अक्का. मी पाहिलं.

सुनेनं विहिरीत उडी मारायची नसते, हे तुला कुणी सांगितलं की तूच ठरवलंस, मला ठाऊक नाही. पण निघताना तुझ्या सासूबाईंनी, सरस्वतीबाईंनी, मला दारात थांबवून हळूच विचारलं, “तुही अक्का लई पवायची म्हणं, खरं हाय का? आमाला तर कधी दावलं न्हाई तिनं.” आता मार्गशीर्षातल्या येळवस अमावास्येला मी येतोय. सगळं घर पूजेला रानात असेल, विहीरही तिथंच आहे, आणि अंबील पिऊन झाल्यावर कुणाला घाई नसते. महानंदाला मी पाण्यात नेणार नाही. तिला काठावर आजीच्या मांडीवर बसवणार आहे. अक्का, तू एकदा उडी मार.

तुझाच,
शिवलिंग