गिंबालला दहापैकी किती?

दा नांग, व्हिएतनाम
९ फेब्रुवारी

प्रिय मनांग नेलिया,

मोठ्या बहिणीला धाकटीचा नमस्कार. आपल्या रीतीप्रमाणे आशीर्वादाला आईचा हात माझ्या कपाळाला लावलास असं समज.

मेल पोचला. फोनवर हे बोलणं होणारच नाही, डोळे अधू झाल्यापासून आईचे कान दुप्पट झालेत! कॅनडाच्या नोकरीबद्दल मनापासून अभिनंदन. सत्तेचाळिसाव्या वर्षी परदेशातून नर्सला बोलावणं येतं, गंमत आहे का? सहा वर्षं घरचं सगळं एकटीनं सांभाळलंस, आता तुझी पाळी. अठ्ठावीस तारखेच्या आत त्यांना होकार द्यायचाय आणि आईला मी सांभाळणार की नाही यावर तो अडलाय, हे कळलं गं बाई. तीनतीनदा कशाला लिहिलंस?

तर मी कामाला लागले. शहरांना मार्क देणं हाच माझा धंदा. जगभरचे लॅपटॉपवाले माझ्या याद्या वाचून मुक्काम हलवतात, मग आईसाठी एक यादी नको?

चियांग माईची माणसं गोड, बाजार पायाशी. पण या दिवसांत तिथे रानं जाळतात, धुरानं समोरचा डोंगर दिसत नाही. आईच्या खोकल्याला ते मानवणार नाही, म्हणून बाद. पेनांगला डॉक्टर उत्तम, चर्चमध्ये प्रार्थना आपल्याला कळेल अशी, पण घर मिळणार बाराव्या मजल्यावर. अंगणाशिवाय आई आठवडाभर तरी टिकेल का? सहा मार्क. दा नांगला रस्ते सपाट, समुद्र जवळ, इंटरनेट झकास. सात दिले असते. पण दर तीन महिन्यांनी सीमा ओलांडायची, शिक्का मारून परत यायचं, हे आमच्या जमातीचं व्रत. आईला बसमध्ये घालून ते कसं करू?

आपलं गिंबाल यादीत घातलं नाही. तिथलं इंटरनेट म्हणजे आनंदच.

काल कॉलवर आईला माझ्या मागचा समुद्र दाखवला. निळं निळं दिसतं म्हणाली. मग मधेच विचारते, “पाव घेतलास का? गरम आहे तोवर खा.” काय मनात येतं तिच्या कोण जाणे.

पेनांगचा विचार कर. मीही करते.

तुझी,
ग्लेंडा


बाकोलोद
२१ फेब्रुवारी, शनिवार

मनांग,

वरचं गाव नीट वाच, आपल्याच देशातलं आहे. चुकून लिहिलेलं नाही.

तुझं उत्तर चार ओळींचं होतं, पण काय लागलं! “तुझ्या मागची लाट चार महिने जागची हललेली नाही. आणि आई म्हणते, इंदायला सांग, लपायचं असेल तर आधी त्या पाववाल्याला गप्प कर.” अडतिसाव्या वर्षी मला अजून इंदाय, छोटी, म्हणणारी तेवढी एकच उरली आहे. ते वाचलं आणि मी ढसाढसा रडले.

मागचा समुद्र म्हणजे नुसतं चित्र. आम्ही कामावर सगळेच लावतो. पसारा दिसत नाही, आपण कुठे आहोत तेही कळत नाही. चित्राला आवाज नसतो हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नाही. खिडकीखाली सायकलवाल्यानं भोंगा वाजवला आणि शेजारीण आपल्या भाषेत ओरडली, “ए, चार गरम दे रे!” आईला आणखी काय हवं?

नोव्हेंबरपासून मी इथे आहे. दा नांगचा मुक्काम संपला तेव्हा घरीच यायला निघाले होते. तुमच्यात आणि माझ्यात दीड तासाची बोट. तीनदा धक्क्यावर गेले, तीनदा तिकीट काढलं, एकदा तर बोटीत बसून खाली उतरले. खलाशी म्हणाला, “मॅडम, नवऱ्याशी भांडण झालंय का?”

भांडण कुणाशीच नाही. लाज वाटत होती.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा मी सांगितलं, विमानाचं तिकीट मिळालं नाही. खोटं होतं ते. त्या रात्रीच्या विमानात जागा होती, पडद्यावर माझ्यासमोर दिसत होती. पण संध्याकाळपर्यंत ‘घरासारखी वाटणारी दहा शहरं’ ही यादी द्यायची होती, आणि नाही दिली तर काम जाईल अशी मला धास्ती. म्हटलं, उद्या निघू. मग परवा. बाबांसाठी नऊ दिवस प्रार्थना चालली, नऊ दिवस माझ्या हातात होते. मी ती फोनवर पाहिली, माझ्याकडचा आवाज बंद करून, टायपिंगची खटखट तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. यादी वेळेत दिली. लोकांना फार आवडली.

तू तेव्हा मला एका शब्दानं बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं, शपथ. तू गप्प राहिलीस म्हणून मला तुझ्यासमोर यायचा धीर झाला नाही, आणि म्हणून तुला पेनांगचे मार्क पाठवत बसले.

आता गिंबालचे घे. इंटरनेट चार. वीज, तिच्या मर्जीवर. कॉफी बरी. आईला अंगण माहीत आहे, चर्चची वाट माहीत आहे, हाक मारली की ओ देणारी माणसं आहेत. तिला कुठे न्यायची गरजच नव्हती. हलायचं होतं ते मी. नव्या टॉवरला रेंज बरी असते असं जीपनीवाला म्हणतोय. काम टिकलं तर ठीक, नाही तर जवळच इलोइलो शहरात काहीतरी बघेन.

जीपनीवाला? हो. बाकोलोदला पत्र सुरू केलं, बोटीत थोडं लिहिलं, थोडं माणसांनी खचाखच भरलेल्या, आदळणाऱ्या जीपनीत, म्हणून अक्षर असं. पोस्टात टाकलं असतं तर महिनाभर लोळलं असतं आणि तुझी तारीख गेली असती. हे शेवटचं आपल्याच पायरीवर बसून लिहितेय. आता कागद दाराखालून सरकवते.

आधी कॅनडाला होकार पाठव, मग दार उघड. रागानं उघडलंस तरी चालेल, दोन वर्षांचं सगळं बोल, मी ऐकून घेईन. परत जाणार नाही. बॅगेत सगळे कपडे आहेत.

आतून आईचा आवाज आला आत्ता, “नेलिया, पायरीवर कोण बसलंय?”

मी ओ दिलेली नाही. तिला तू सांग.

दाराबाहेरची,
ग्लेंडा