पंचवीस मासे, पोटभर

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळ.
लेकीचा फोन. २ मार्चला येतेय, आठ दिवसांसाठी. आधी टाकीची चौकशी, मग माझी. बाबांचे मासे कसे आहेत म्हणाली. म्हटलं, मजेत. फोन ठेवल्यावर मोजले. लाल-निळे निऑन अठरा, तळाशी झाडलोट करणारे मिशीवाले सहा, आणि साहेब. साहेब म्हणजे मोत्याच्या ठिपक्यांचा गोरामी. एकूण पंचवीस. जुलैत हे गेले तेव्हा होते तेवढेच. सात महिने सांभाळले. कौतुक करायला कोणी नाही म्हणून इथे लिहून ठेवते.
संकल्प: पंचवीसच्या पंचवीस दाखवायचे. टाकी अशी लखलखीत की लेकीने म्हणावं, बाबांच्या वेळीही एवढी नव्हती.

मंगळवार, ४ फेब्रुवारी.
ह्यांची माशांची वही, पान ३५. एक जानेवारीला वाचायला घेतली. त्याआधी हात लावायचं धाडस नव्हतं. रोज एकच पान, पुढचं उघडायचं नाही. शंभराच्या वर पानं लिहिलेली आहेत. ती संपली की ह्यांच्याकडून नवीन काही यायचं नाही.
माझी शाळा सातवीत सुटली, बाकीचं वाचन माझं मीच शिकले. लायब्ररीतलं जाडजूड पुस्तकही चार दिवसांत परत करते. ही एकच वही सावकाश.
पान ३५ वर एवढंच: ‘झाडांना नवी पानं. मी काही केलं नाही. छान.’
ह्यांचा आळशीपणा मला नवा नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी.
एकदा लिहूनच टाकते. इथे कोण वाचणार आहे.
हे दवाखान्यात होते ते बारा दिवस मी माशांना एकदाही खायला घातलं नाही. ह्यांना सांगायचे की घरी जाऊन येते, आणि खाली जाऊन जिन्याजवळच्या बाकावर बसायचे. वर काही झालं आणि मी घरी असले तर? मग तासाभराने वर. हे विचारायचे, माशांना घातलंस का काही. मी म्हणायचे, हो तर, पोटभर. हे डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं, निर्धास्त झाले.
शेवटी घरी आले ती एकटीच. दिवा लावला तर सगळे मासे काचेशी येऊन उभे. पंचवीस. बारा दिवसांचे उपाशी.
तेव्हापासून हात आखडता घेत नाही. दिवसातून तीनदा. एखाद्या दिवशी चारदा.

शनिवार, ८ फेब्रुवारी.
साफसफाईचा शुभारंभ. फिल्टरचा स्पंज बाहेर काढला. चिखल नुसता. हे तो टाकीतल्याच पाण्याच्या बादलीत दोनदा पिळायचे आणि परत लावायचे. बत्तीस वर्षं संसार केला, पण ह्यांना कपडा धुता आला नाही तो नाहीच. मी नळाखाली धरला, साबण लावला, घासला, पुन्हा साबण लावला. उन्हात वाळवला. नवा कोरा निघाला.
काचेवर हिरवा थर आलाय, तोही खरवडला. गोगलगायी सात महिन्यांत चारच्या चाळीस झाल्या आहेत. घरात भरभराट आहे याचं ते लक्षण.

सोमवार, १० फेब्रुवारी.
पाणी दुधासारखं. एवढी स्वच्छता टाकीला सवयीची नाही, त्याचा हा परिणाम असावा. उतरेल.

मंगळवार, ११ फेब्रुवारी. सकाळी सात.
तीन निऑन तळाशी आडवे. आधी वाटलं झोपलेत.

तोच दिवस, दुपार.
गॅलरीत तुळशीशेजारच्या जास्वंदीच्या कुंडीत पुरले. कुंडीची माफी मागितली, म्हणजे माशांचीच, पण तोंड कुंडीकडे होतं. अशक्तपणाने गेले असणार. बारा दिवसांचे हाल असे उशिरा बाधतात. उरलेल्यांचं खाणं वाढवलं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी.
आणखी चार निऑन, एक मिशीवाला. लेकीचा फोन आला. म्हटलं, मजेत. तोंडातून इतकं सहज निघालं की मलाच लाज वाटली. दवाखान्यात लागलेली सवय.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी.
टाकीच्या दुकानात गेले. दुकानदार ह्यांना ओळखायचा. काका गेल्याचं ऐकून हातातली जाळी खाली ठेवून उभा राहिला. मग विचारलं, खायला किती घालता. म्हटलं, चिमूटभर. म्हणाला, करून दाखवा. मी करून दाखवली. तो बराच वेळ माझ्या बोटांकडे बघत राहिला. म्हणाला, “काकू, हे मासे आहेत, जावई नाहीत.”
त्याचं म्हणणं: उरलेलं खाणं कुजतं, त्याचं विष होतं. ते विष पचवणारे जंतू स्पंजात राहतात. स्पंज कशाने धुतला असं विचारलं. मी म्हटलं, हलकाच. साबणाचं बोलले नाही. परक्या माणसाला घरातलं सगळं कशाला सांगायचं. दोन दिवस काही घालू नका, रोज थोडं पाणी बदला म्हणाला. काकांच्या वहीत असेल ना लिहिलेलं, असंही म्हणाला. म्हटलं, तिथवर अजून पोचले नाही.
विष तपासायचे थेंब घेतले. आणि सात निऑन, एक मिशीवाला. नवे आठवडाभर वेगळ्या भांड्यात ठेवा म्हणाला. आलेल्या पाहुण्याला दाराबाहेर बसवणं मला जमत नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी.
पुन्हा पंचवीस! नवे निऑन जुन्यांच्या निम्मे आहेत. लेकीने विचारलंच तर सांगेन, बारीक झाले.
आजपासून दोन दिवस उपास. मीही काही खाणार नाही. त्यांना एकटं वाटायला नको.

तोच दिवस, संध्याकाळी सहा.
साहेब काचेशी आला आणि बघत राहिला. हुबेहूब जुलैतल्या त्या दिवसासारखा. घातलं. मीही दूध-भात खाल्ला.

सोमवार, १७ फेब्रुवारी.
थेंबांची तपासणी. नळीतलं पाणी पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर विष. खिडकीशी हिरवं दिसलं. स्वयंपाकघरातल्या पिवळ्या बल्बखाली धरलं, तिथे पुष्कळच पिवळं दिसलं. स्वयंपाकघरातलं खरं धरलं. शेवटी खाण्यापिण्याचाच विषय आहे.

बुधवार, १९ फेब्रुवारी.
पान ५०. ‘दिवा आठ तास पुरे. जास्त झाला की शेवाळ.’
माझा दिवा सकाळी सहा ते रात्री अकरा. हे वाचून आठवलं की ह्यांनी कधीतरी सांगितलं होतं. पण तेव्हा हे घरात होते. दिवा गेला की बाहेरची खोली फार मोठी होते.
एक तास कमी करावा. उद्यापासून.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी.
नव्या निऑनमधले सहा गेले. जुन्यांतले पाच. मिशीवाले पाच. आकडे लिहवत नाहीत, पण खोटं तोंडाने बोलते तेवढं पुरे, निदान कागदावर तरी नको.
शेजारीण गॅलरीतून वाकून विचारत होती की खत कोणतं घालता, जास्वंद इतकी कशी फुललीय. म्हटलं, घरचंच.

सोमवार, २४ फेब्रुवारी.
दुकानात पुन्हा. दुकानदाराने मासे द्यायला सरळ नकार दिला. धंदेवाल्या माणसाने गिऱ्हाइकाला असं परत पाठवलेलं मी पाहिलं नव्हतं. म्हणाला, आधी पाणी, मग मासे. आत्ता देणं म्हणजे पाप आहे काकू.
पाप शब्द वापरायला नको होता. बसस्टॉपवर दोन बस सोडल्या.

बुधवार, २६ फेब्रुवारी.
उरले नऊ. निऑन सात, मिशीवाला एक, साहेब. साहेब पाण्याच्या वर तोंड काढून श्वास घेतो, ती त्याची जातच आहे, म्हणून टिकलाय. पण रंग उतरलाय. पानाआड उभा असतो, काचेशी येत नाही. ह्यांच्या शेवटच्या दोन दिवसांत असंच होतं. वाटी पुढे केली की मान वळवायचे, आणि मी वाटी पुढे करायची थांबत नव्हते.
आज साहेबाला बाहेरून हात जोडले. म्हटलं, लेक येईपर्यंत थांब. तुझ्यासमोर तिला सगळं सांगते.

शनिवार, १ मार्च.
सांगायचं कसं ते ठरवलं. आधी जेवण, मग टाकीचा दिवा थोडा मंद, मग कबुली. सुरुवात बारा दिवसांपासून. पान ६०.

रविवार, २ मार्च. रात्री झोपण्यापूर्वी.
ठरवल्यातलं काहीच झालं नाही. लेक चप्पल काढायच्या आधी टाकीपाशी गेली. मोजलेसुद्धा नाहीत. हिरवी काच, गोगलगायी, पानाआडचा साहेब, एवढं बघितलं आणि म्हणाली, “आई, किती घालतेस तू यांना?”
मी रडायला लागले आणि सगळं उलट्या क्रमाने सांगितलं. दुकानदार, थेंब, साबण, कुंड्या, आणि सगळ्यांत शेवटी बाक. बारा दिवस, आणि रोजचं ते पोटभर.
तिने बाबांची वही उचलली आणि शेवटून उघडली. लहानपणापासून ती पुस्तक शेवटून उघडते, त्यावरून माझा मार खाल्लाय. मी नको नको म्हणेपर्यंत तिने पान माझ्यापुढे धरलं. तारीख दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवसाची. अक्षर ह्यांचं, घाईचं. मलाच लिहिलेलं.
‘मी परत येईपर्यंत माशांना काहीही घालू नकोस. दोन-तीन आठवडे ते सहज राहतात. स्पंज धुऊ नकोस, साबणाने तर नाहीच. दिवा आठ तास. तू काही केलं नाहीस तर सगळे जगतील.’
पान १०८. मी ६१ वर होते.
हे रोज विचारायचे ते घातलं नाहीस ना, याची खात्री करायला. आणि मी रोज म्हणायचे, पोटभर. ते डोळे मिटायचे. मी खुर्चीत बसले. म्हटलं, म्हणजे शेवटचे बारा दिवस मी त्यांना माशांचा घोर लावला.
लेक हसली. अशा वेळी हसली म्हणून मला राग आला. मग तिने सांगितलं, बाबांचा तिला रोज फोन असायचा, मी खाली असले की. एकदा म्हणाले होते:
“तुझी आई म्हणते, मासे पोटभर जेवले. घरी जातच नाही ती. नर्स सांगते, खाली बाकावर बसलेली असते. म्हणून मासे वाचले.”
आणि मला कळलंय असं तिला सांगू नकोस, नाहीतर ती खरंच घरी जाईल, असंही म्हणाले होते.
बत्तीस वर्षांत एक मोठं खोटं बोलले, तेही पहिल्याच दिवशी पकडलं गेलं होतं. सात महिने ज्याची भरपाई केली ते पाप नव्हतंच. भरपाईत मात्र चोवीस मासे कुंड्यांत गेले.

रविवार, ९ मार्च.
लेक सकाळी गेली. आठ दिवस रोज एक बादली पाणी बदललं. खाणं दिवसाआड, तिच्या चिमटीने. जाताना खाण्याचा डबा दुकानदाराकडे ठेवून गेली. आठवड्यातून दोनदा जायचं, तो मोजून पुडी देणार. मी काय लहान आहे का, असं विचारलं. तिने डबा पिशवीत टाकला.
आज पुडीचा दिवस नाही. दुपारी दोनला दिवा बंद केला. पान ६८ वाचलं, पुढचं नाही. शेवटचं पान वाचून झालंय हे मी मोजत नाही.
संध्याकाळी नऊच्या नऊ काचेशी आले. साहेब सगळ्यांच्या पुढे, रंग परत आलेला. म्हटलं, आत्ताच तर घातलं, पोटभर.
एकानेही विश्वास ठेवला नाही.